पेवातली हवा

कॉलेजातून घरी आलो की चपला काढायच्या आत माय स्वयंपाकघरातून विचारायची, “पेटलं का?” मी म्हणायचो, “न्हाई अजून.” ती “बरं” म्हणायची आणि परातीत पीठ ओढायची. एखाद्या पाहुण्याला वाटायचं, यांच्याकडची शेगडी बिघडलीय. माझ्या संशोधनाची इतक्या नेमाने चौकशी करणारं दुसरं कोणी या जगात नव्हतं.

मी बीडमधल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. पीएच.डी.ला विषय घेतला तो उन्हाचा. आपण श्वासावाटे सोडतो, चुलीतून, गाड्यांतून, कारखान्यांच्या धुराड्यांतून निघतो, तो कार्बन डायऑक्साइड म्हणजे जळून संपलेली गोष्ट. राखेला काडी लावून ती पेटत नाही, तसंच त्याचं. पण त्यात पाण्याची वाफ मिसळली आणि एका विशिष्ट पावडरीवर ऊन पडू दिलं, तर तो थोडासा उलटा फिरतो. त्यातून मिथेन किंवा मिथेनॉल, म्हणजे पुन्हा जळू शकेल असं काहीतरी तयार होतं. पावडर स्वतः खर्ची पडत नाही, नुसती मध्यस्थी करते. तिला आम्ही उत्प्रेरक म्हणतो. माझी पावडर टिटॅनियमची, पांढरी, आणि तिच्यात किंचित तांबं. ती काचेच्या पट्ट्यांवर पातळ सारवायची, पट्ट्या एका काचपात्रात मांडायच्या, पात्रात वायू भरायचा आणि दिवसभर उन्हात ठेवायचं. संध्याकाळी आतला वायू एका पिशवीत काढून घ्यायचा आणि एसटीनं विद्यापीठात न्यायचा, कारण तो तपासणारं यंत्र आमच्या कॉलेजात नाही.

कॉलेजच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि मोबाइलचा टॉवर आहे, धड सलग ऊन मिळत नाही. म्हणून पात्र घरच्या गच्चीवर असायचं. वायूचं नळकांडं मी सोडावॉटरवाल्यांना पुरवणाऱ्याकडून आणायचो. ऊन बीडमध्ये कोणाकडे मागावं लागत नाही. स्टाफरूममधला एक मित्र स्कूटरची चावी टेबलावर आपटून विचारायचा, “काय बे, माझ्या गाडीत ऊन कधी भरतूस?” मी हसायचो. मनातून त्याचा राग यायचा.

राग यायचा कारण त्याचं खरं होतं. या कामातून निघतं फार थोडं. दिवसभराच्या रखरखत्या उन्हातून जे मिळतं त्यावर आगकाडीचा गुलसुद्धा धरणार नाही. मोठमोठ्या प्रयोगशाळांचंही थोड्याफार फरकानं हेच रडगाणं आहे. मला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मायला ठाऊक नव्हतं, आणि मी तिला शब्द देऊन बसलो होतो.

त्यासाठी पेवाचं सांगायला हवं. आमचं गाव पाटोद्याजवळ. घर वाण्याचं, कपाळाला विभूती आणि दुकानात तराजू. किराणा होता आणि ज्वारीचा व्यापार होता. घरामागे पेव होतं. पेव म्हणजे जमिनीत खणलेली कोठी, तोंडाशी माणूस जेमतेम मावेल एवढी अरुंद आणि आत पोट सुटलेली. त्यात ज्वारी भरायची आणि तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. गावातली बाकीची पेवं तोवर बुजली होती, लोक पत्र्याच्या कोठ्यांवर आले होते. माझे वडील, आप्पा, मात्र पेवावर अडून होते. पेवातल्या ज्वारीला किडा लागत नाही, हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंही होतं. का लागत नाही ते मला पुढे शिकताना कळलं. बंद पेवातलं धान्य श्वास घेत राहतं. आतली चांगली हवा ते संपवतं आणि तिच्या जागी कार्बन डायऑक्साइड सोडतं. तो जड असतो, तळाशी बसून राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. त्यात किडा जगत नाही आणि माणूसही जगत नाही.

हे शास्त्र गावाला माहीत नव्हतं, पण रीत माहीत होती. पेवाचं तोंड उघडलं की दिवसभर तसंच मोकळं ठेवायचं. मग दोरीला पेटता कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर उतरायचं नाही. तेवत राहिला तर उतरायचं.

त्या दिवशी पाटोद्याच्या बाजाराचा ट्रक सकाळीच दारात येऊन उभा राहिला आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. पेव नुकतंच उघडलं होतं. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, जात्याच उतावळा. तो परसात आला आणि म्हणाला, “माय, कंदील दे.” माय कंदिलाची काच राखेनं घासत होती. ती म्हणाली, “काच वली हाय, तडकंल. ती नवी बॅटरी घे की.” आप्पांनी बीडहून हातातली बॅटरी आणली होती, घरात तिचं भारी कौतुक होतं. दादानं ती दोरीला बांधून आत सोडली आणि वाकून पाहिलं. “लख्ख हाय की!” तो म्हणाला. मग उतरला.

बॅटरीला हवा लागत नाही. ती वाईट हवेतही तशीच जळते. त्या परसात त्या घडीला हे कोणालाही सुचलं नाही. दादा खाली पोचला, ज्वारीवर जरा बसल्यासारखा झाला आणि कुशीवर कलंडला. आप्पा उडी टाकायला धावले, तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना कंबरेला धरून मागे ओढलं. तोंडातून खाली पाहिलं की दादाचा पांढरा सदरा स्पष्ट दिसत होता. मी तो पाहत उभा होतो. दोर, आकडे सगळं गोळा करून त्याला वर काढेपर्यंत बॅटरी चालूच होती. सेल नवे होते.

आमच्यात दहन करत नाहीत, बसवून पुरतात. सकाळी एका खड्ड्यातून काढलेल्या दादाला संध्याकाळी दुसऱ्या खड्ड्यात उतरवलं. माय तिकडे आली नाही. ती परसात तीच काच घासत बसली होती, आणि शेवटी कोणीतरी ती तिच्या हातातून काढून घेतली. आप्पांनी पेव दगडांनी भरून टाकलं. बॅटरीचं ते तिला कधी एका शब्दानं बोलले नाहीत, जाईपर्यंत बोलले नाहीत. एकदा तोंड सोडून बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. तिनं ते तसंच गिळलं आणि तसंच ठेवलं.

आप्पा गेल्यावर मी तिला बीडला आणलं. मी गच्चीवर काचपात्र मांडू लागलो तेव्हा ती जिन्यात बसून बघत राहायची. एकदा तिनं विचारलं, नळकांड्यात काय असतं. मी सांगितलं. तिला ते नाव काही झेपलं नाही, मग मी आडून आडून समजावलं, आणि समजावता समजावता बोलून गेलो की बंद पेवात असते तीच ही हवा. ती जिन्यातून उठून नळकांड्याजवळ आली.

“तीच व्हय?”

“तीच.”

“आन् तिचा तू जाळ करतूस?”

“करायचं बघतोय.”

“त्या हवेत कंदील इझतो,” ती म्हणाली. “तू त्याच हवेवर कंदील पेटवून दाव. एकडाव दाव. मंग मला काय बी नगं.”

मी म्हणालो, “दाखवतो.” दुसरं काय म्हणणार होतो? पुढच्याच आठवड्यात तिनं गावाहून येणाऱ्या एका माणसाकडून तो कंदील मागवून घेतला. दादा गेला त्या दिवसापासून तो कोणी पेटवला नव्हता. तिनं तो चिंचेनं लख्ख घासला, काच पुसली आणि देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर ठेवला. तेव्हापासून ते “पेटलं का?” सुरू झालं.

मागच्या वर्षीच्या खंडेनवमीला मी झेंडू आणायला बाजारात गेलो होतो. त्या दिवशी घराघरांत हत्यारं पुजतात. शेतकऱ्याचा विळा, सुताराचा रंधा, वाण्याचा तराजू. आमचं दुकान केव्हाच बंद झालं, पण तराजू मायनं सोबत आणलाय आणि ती तो दरसाल पुजते. परत आलो तर पाटावर तराजूशेजारी माझं काचपात्र मांडलेलं, आणि काही सारवलेल्या पट्ट्या ओळीनं ठेवलेल्या, प्रत्येकीच्या कोपऱ्यावर कुंकवाचा ठिपका. “तुझी हत्यारं हीच की,” ती म्हणाली. माझा चेहरा पडला असणार. पण तिनं ते इतक्या मनापासून मांडलं होतं की मला रागावता आलं नाही. संध्याकाळी मी पट्ट्या पाण्यानं धुतल्या. कुंकू निघून गेलं. डोळ्यांना दिसत होतं ते गेलं, एवढं मी पाहिलं.

दसऱ्यानंतर मी त्याच पट्ट्या उन्हात ठेवल्या आणि पिशव्या घेऊन विद्यापीठात गेलो. तिथलं यंत्र एक रेघ काढत जातं. वायूत काही सापडलं की रेघेला शेंडा येतो. माझ्या रेघेला आजवर कधी शेंडा आला नव्हता, आला तर मुंगीएवढा. त्या दिवशी तो सरळ वर चढला. मी यंत्र पुन्हा लावलं, दुसरी पिशवी दिली. पुन्हा तेच. परतीच्या एसटीत मी तो कागद मांडीवर उघडून बसलो, आणि मला रडू आलं. कंडक्टरनं तिकीट देताना विचारलं, “कोण गेलं का काय?” मी मान हलवली.

घरी येऊन सांगितलं, “माय, सापडलं.”

तिनं हात पुसले आणि फळीवरून कंदील खाली घेतला. “कवा पेटवायचा?”

“अजून साठवावं लागंल. थोडं थांब.”

“थांबंन की. आता थांबाया काय झालं?” त्या रात्री तिनं शिरा केला. दादा गेल्यापासून तिनं आपणहून गोड केलं नव्हतं.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी कागद दाखवला, तर त्या काही हरखल्या नाहीत. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “कार्बन डायऑक्साइड न भरता करून पाहिलंत?”

“दसऱ्याच्या आधी पाहिलं होतं. काही आलं नव्हतं.”

“दसऱ्याच्या नंतर?”

मी कागदाची घडी घातली.

“पुन्हा करा,” त्या म्हणाल्या. “नुसता नायट्रोजन भरा. जिथे काही सापडायला नको, तिथे खरंच काही सापडत नाही ना, हे आधी बघायचं. मग बाकीचं.”

आम्ही याला कोरी चाचणी म्हणतो. हे मी स्वतः मुलांना शिकवतो. पण त्यांच्या बोलण्याचा अर्थ मला घरी येताना एसटीत लागला. बाई मला दुसरं काही सांगतच नव्हत्या, आत कंदील सोडून बघा एवढंच सांगत होत्या, आणि मी लख्ख बॅटरी बघून उतरून मोकळा झालो होतो.

नायट्रोजन भरला. पात्र उन्हात ठेवलं. विद्यापीठात गेलो. रेघेला शेंडा आला, तेवढाच उंच, तसाच टोकदार.

ज्या वायूपासून इंधन व्हायचं तो वायू आत नव्हताच आणि इंधन मात्र होत होतं. म्हणजे ते दुसऱ्याच कशातून येत होतं. मी रबरी नळ्या बदलल्या, झाकणाचं ग्रीस पुसून काढलं, पात्र आम्लानं धुतलं. शेंडा हटेना. मग एका दुपारी पट्टी उन्हात तिरपी धरली, तर कोपऱ्यात बोटाच्या पेराएवढा एक डाग दिसला. पावडर तिथे किंचित गडद होती. प्रत्येक पट्टीच्या त्याच कोपऱ्यात तसाच डाग होता.

कोरडं कुंकू काचेवर ठरत नाही. आमच्या घरी तराजूच्या पितळेवर कुंकू लावायचं तरी आधी तेलाचं बोट लावतात आणि त्यावर कुंकू टेकवतात. लहानपणापासून दर खंडेनवमीला मी हे पाहत आलोय. मी पाण्यानं धुतलं तेव्हा कुंकू गेलं आणि करडईचं तेल पावडरीत मुरून राहिलं. ऊन आणि पावडर मिळून ते तेल कुरतडत होती, आणि त्यातून माझा शेंडा येत होता. खात्री करायला मी न पुजलेल्या पट्ट्या लावल्या. रेघ सपाट. मग एका कोऱ्या पट्टीला मुद्दाम तेलाचं बोट लावलं. शेंडा आला. मी गच्चीवर बसून खूप हसलो. हसू थांबेना तेव्हा घाबरलो.

पेवातल्या हवेतून मी काहीच काढलं नव्हतं. मायच्या देवपूजेच्या वाटीतलं तेल तेवढं जाळलं होतं.

बाईंना मी सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “होतं असं. मोठमोठ्यांचंही झालंय.” त्यांना सांगणं सोपं होतं. मायला काय सांगायचं? एकदा तिनं चांगल्या मनानं बॅटरी दिली. एकदा चांगल्या मनानं तेलाचं बोट लावलं. ही दोन वाक्यं तिच्यासमोर एकामागून एक ठेवायची माझ्यात हिंमत नव्हती, आणि मला ती कमवायचीही नव्हती. मी म्हणालो, “त्या पट्ट्या खराब झाल्या, माय.”

“कावून?”

“जुन्या झाल्या व्हत्या.”

“मंग नव्या कर.” तिनं कंदील पुसून पुन्हा फळीवर ठेवला.

मी नव्या केल्या. तांबं कमीजास्त करून पाहिलं, वाफ वाढवून पाहिली. उन्हाळा गेला, पावसाळा आला तसा गेला. रेघेवर मुंगीएवढा शेंडा येत राहिला. तो कोऱ्या चाचणीत यायचा नाही, म्हणजे तो खरा होता. पण त्यावर कंदील पेटणं सोडा, वातही कोमट झाली नसती. आणि घरात माय उतरत चालली होती. गुडघे गेले, एका डोळ्यावर पडदा आला, भाकरी करता करता दम लागून ती भिंतीला टेकायची. पण संध्याकाळी प्रश्न चुकायचा नाही. “पेटलं का?” शेवटी शेवटी मला दार उघडायचं जिवावर यायचं. मी उगाच बसस्टँडजवळ चहा पीत बसायचो आणि अंधार पडल्यावर घरी जायचो. ती तरीही विचारायचीच.

यंदाच्या खंडेनवमीला मी शहाणपणा केला. पट्ट्या घरी ठेवल्याच नाहीत. मायसाठी एक जुनी, कोपरा उडालेली पट्टी पाटावर आणून ठेवली, बिघडली तरी बिघडू दे म्हणून. फक्त आदल्या दिवशी सारवलेली एक नवी पट्टी कॉलेजात न्यायची राहिली. ती खिडकीत वाळत उभी होती.

मी तराजूला हार घालत होतो. मायनं जुन्या पट्टीला कुंकू लावलं. मग तिला खिडकीतली दिसली. एका डोळ्यानं दिसतं, तेही नेमकं नको ते. “ही कावून तिकडं?” असं पुटपुटत ती भिंत धरून उठली, तेलाच्या वाटीत बोट बुडवलं आणि खिडकीकडे गेली. बोट काचेच्या जवळ गेलं.

“माय, तेल नको!”

मी ओरडलो. साधं बोललो नाही, ओरडलो. पेवाच्या तोंडाशी तेव्हा कोणीतरी ओरडायला हवं होतं, तेवढ्या मोठ्यानं.

तिचं बोट तसंच थांबलं. बोटावरचं तेल ओघळून तिच्या मनगटाकडे निघालं. तिनं आधी पट्टीकडे पाहिलं, मग पाटावरच्या जुन्या पट्टीकडे, मग माझ्याकडे. वाण्याच्या घरातली बाई ती. जन्मभर तराजूकडे बघत आली होती. कशात काय घातलं की काटा कुठे जातो, हे तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

“मागल्या साली बी मीच का रे?” तिनं विचारलं.

मी “न्हाई” म्हणालो. पण तिनं विचारल्यावर लगेच म्हणायला हवं होतं. मला एक श्वास उशीर झाला, आणि तेवढ्यात तिला कळलं.

तिनं बोट पदराला पुसलं. तराजूची पूजा तिनं पुरी केली, मला विभूती लावली, आरतीचं ताट माझ्यापुढे धरलं. मग स्टुलावर चढायला जमेना म्हणून मलाच म्हणाली, “तेवढा कंदील काढून दे.” मी काढून दिला. तिनं तो जुन्या लुगड्यात गुंडाळून पलंगाखाली सारला.

दुसऱ्या दिवशी दसरा. तिसऱ्या दिवशी मी कॉलेजात गेलो. संध्याकाळी मुद्दाम वेळेवर घरी आलो आणि दारात चपला काढत थोडा थांबलो. स्वयंपाकघरात परात वाजली. मायनं पीठ ओढलं, भाकरी थापली, तव्यावर टाकली. तिनं काही विचारलं नाही. त्यानंतर तिनं ते कधीच विचारलेलं नाही.